मावळातला चढता वारा : वैमानिक होण्याच्या तिसऱ्या वाटेचा इतिहास

आकाशातून जाणारे विमान पाहून आपणही वैमानिक व्हावे असे वाटणे, ही विसाव्या शतकात जन्मलेल्या असंख्य मुलामुलींची समान इच्छा होती. परंतु ती पुरी होण्याच्या वाटा कोणत्या होत्या, त्या कोणासाठी मोकळ्या होत्या आणि कोणाला उंबरठ्यावरूनच परत फिरावे लागले, याचा इतिहास मात्र प्रदेशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे फार वेगवेगळा आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला वसलेल्या मावळ तालुक्यात प्रवासी विमानतळ कधीच नव्हता, आणि मुंबई-पुणे या दोन विमानतळांच्या मधोमध असूनही येथील मुलांच्या वाट्याला विमान आले ते केवळ डोक्यावरून जाणाऱ्या आवाजाच्या रूपाने. असे असताना गेल्या सुमारे तीन दशकांत याच तालुक्यातील कामशेतच्या आसपासच्या टेकड्या पश्चिम भारतातील उड्डाण शिकण्याचे एक महत्त्वाचे ठिकाण बनल्या, आणि हे इंजिनाशिवाय, धावपट्टीशिवाय आणि बराच काळ कोणत्याही सरकारी योजनेशिवाय घडले. या घडामोडीचे मूळ शोधायचे तर विमानाच्या इतिहासाइतकेच मावळच्या भूगोलाकडे पाहावे लागते.

मावळ म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य कण्याला पूर्वेकडून भिडलेला नद्यांच्या खोऱ्यांचा पट्टा. बारा मावळांपैकी आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी आजच्या मावळ तालुक्यात मोडतात. त्यांतून अनुक्रमे आंद्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्या पूर्वेकडे वाहतात, आणि खोऱ्यांच्या मधल्या डोंगररांगांवर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले उभे आहेत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर असून त्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरांवरच जमीन एकदम संपते आणि कोकण पायाशी दिसू लागते. समुद्राकडून येणारा वारा या कड्याला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि पावसाळ्यात आपले सारे पाणी घाटमाथ्यावर टाकतो. त्यामुळेच लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेल्या तळेगावात त्याचा लहानसा हिस्सा पोहोचतो. पाऊस ही या वाऱ्याची सर्वांना दिसणारी खूण आहे. तो थांबल्यानंतरही, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, वारा डोंगराच्या उतारांवर चढत राहतो, आणि या कोरड्या चढत्या वाऱ्याला काही मोल आहे हे माणसाच्या ध्यानात येण्यास विसावे शतक संपत यावे लागले.

तोपर्यंत या कड्याचा विचार प्रामुख्याने दोन दृष्टींनी झाला होता. पहिली दृष्टी वाहतुकीची. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये घाटातील अवघड टप्पा पुरा होऊन मुंबई-पुणे रेल्वे अखंड जोडली गेली; सदतीस फूट पुढे जाताना एक फूट चढायचे, इतकी त्या मार्गाची चढण तीव्र होती. दुसरी दृष्टी पाण्याची. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे धरणे बांधून अडवलेले पाणी टाटांच्या जलविद्युत कंपनीने पाचशे मीटरांहून अधिक खाली असलेल्या खोपोलीच्या वीजगृहात सोडले, आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली; पुढे आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण झाले. जमिनीच्या एका पायरीने रेल्वेला झगडायला लावले आणि गिरण्यांना वीज दिली. वाऱ्याला तीच पायरी काय देते, याकडे पाहणारे तेव्हा कोणी नव्हते.

मात्र उड्डाणाची कल्पना मावळाला परकी नव्हती. भाजे येथील बौद्ध लेण्यांच्या समूहात, इसवी सनापूर्वीच्या काळातील एका विहाराच्या व्हरांड्यात, चार घोड्यांचा रथ आकाशातून धावताना कोरला असून त्याच्या चाकांखाली भल्यामोठ्या आकृती पसरलेल्या दिसतात. हा सूर्य आणि शेजारचा गजारूढ पुरुष म्हणजे इंद्र, असा अर्थ दीर्घकाळ लावला गेला. काही अभ्यासकांनी त्याविषयी शंकाही घेतली आहे. अर्थ कोणताही असो, जमिनीपासून सुटलेल्या वाहनाचे इतके जुने आणि इतके गतिमान शिल्प महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळते, आणि ते पाहण्यासाठी चढून गेलेल्या माणसाला दुपारी जो वारा लागतो तो पुढील सर्व विवेचनाचा विषय आहे.

प्रत्यक्ष उड्डाणाची विद्या जगात सुरू झाली तीही डोंगरउतारावरच. जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल यांनी लहानपणापासून करकोच्यांचे उडणे न्याहाळले होते. १८८९ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर आपला शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या काही वर्षांत विलोच्या काठ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेले पंख घेऊन सुमारे दोन हजार वेळा उतारावरून हवेत झेप घेतली. बर्लिनजवळ योग्य टेकडी नव्हती म्हणून १८९४ मध्ये त्यांनी मातीची टेकडी रचून घेतली. वाऱ्याच्या समोर धावणे, पंखांत हवा भरू देणे आणि उतारावरून चढणाऱ्या झोताचा आधार घेणे, ही त्यांची पद्धत होती. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्या बातमीने अमेरिकेतील ज्या दोन भावांचे जुने कुतूहल पुन्हा जागे केले ते ऑर्विल आणि विल्बर राइट होत. १८७८ मध्ये वडिलांनी आणून दिलेल्या, पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणाऱ्या खेळण्याने त्यांच्या मनात उडण्याची ओढ निर्माण केली होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या इंजिनाच्या यंत्राने पहिल्या खेपेला बारा सेकंदांत १२० फूट अंतर कापले. परंतु त्याआधीची तीन वर्षे त्यांनी किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर इंजिनाशिवाय घसरत हवेत तोल सांभाळण्याचा अभ्यास केला होता, ही गोष्ट विमानाच्या इतिहासात बहुधा घाईने उरकली जाते.

महाराष्ट्रात या काळाविषयी बोलताना शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास निघते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान उडवले ही कथा अनेकांनी बालपणी ऐकलेली असते, परंतु तिला समकालीन विश्वासार्ह पुरावा नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाशी ती कथा जोडली जाते, त्यातील विमाने उडूच शकणार नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तळपदे यांची जिज्ञासा आदराला पात्र आहे. मात्र मराठी मुलांना उड्डाणाचा खरा वारसा सांगायचा असेल तर तो सिद्ध झालेल्या घटनांतूनच सांगावा लागेल, आणि अशा घटना थोड्या नाहीत.

त्यांतील सर्वांत ठळक घटना जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांच्या चरित्रातील आहे. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या जे. आर. डी. टाटांचे बालपणीचे उन्हाळे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी गेले. जवळच लुई ब्लेरियो यांचे घर होते. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे हे पहिले वैमानिक. त्यांचे विमान तेथील वाळूवर उतरताना पाहणाऱ्या मुलाने आपण वैमानिक व्हायचे हे मनाशी ठरवले, आणि पंधराव्या वर्षी एका छोट्या फेरीत त्याला हवेत जाण्याचा पहिला अनुभव मिळाला. पुढे जवळजवळ दहा वर्षे ती इच्छा तशीच राहिली, कारण ती पुरी करण्याचे साधन भारतात नव्हते. १९२८ च्या सुमारास मुंबईत फ्लाइंग क्लब, म्हणजे सभासदांना विमान आणि शिक्षक पुरवणारी संस्था, सुरू झाल्याबरोबर ते जुहूला दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १९३० मध्ये आगाखान यांनी भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस ठेवले तेव्हा टाटा त्या शर्यतीत उतरले. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे अडकून पडलेल्या अवघ्या सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअर या प्रतिस्पर्ध्याला त्यांनी आपल्याकडील जादा स्पार्क प्लग दिले, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. हाच मुलगा १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा एकट्याने पस मॉथ जातीचे छोटे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीची ही सुरुवात सर्वपरिचित आहे. तिचा सह्याद्रीशी असलेला संबंध मात्र कमी परिचित आहे. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडत असे, म्हणून टाटांची हवाई टपालसेवा आपली विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ यांच्यासह पावसाळ्यापुरती पुण्याला हलत असे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून चालत असे. ज्या घाटमाथ्यावरचा पाऊस टाटांच्या कंपन्यांना वीज देत होता, त्याच घाटाच्या पलीकडची पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहणारा प्रदेश, त्यांच्या विमानांना आसरा देत होती. मावळ या दोन्हींच्या मधे होता. पाऊस त्याच्यावर पडत होता आणि विमाने त्याच्या पलीकडे उतरत होती.

टाटांच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती त्यांच्याविषयीचा आदर कमी न करता सांगायला हवी: बालपणीची इच्छा पुरी होण्यासाठी त्यांना संपत्तीची वाट उपलब्ध होती. फ्लाइंग क्लबचे शुल्क आणि स्वतःचे विमान परवडणारी घराणी फार थोडी होती. ही वाट आजही मुळात तशीच आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान दोनशे तासांचे उड्डाण आवश्यक असते, आणि त्या तासांचा खर्च इतका मोठा असतो की शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला जमीन विकल्याशिवाय तो विचारही करता येत नाही.

दुसरी वाट शासनाची. टाटांच्या उड्डाणाच्या बरोबर एक आठवडा आधी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, भारतीय हवाई दलाची स्थापना झाली होती, आणि स्वातंत्र्यानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे पुणे जिल्ह्याचेच नाव या वाटेशी जोडले गेले. १९५५ च्या जानेवारीत विधिवत सुरू झालेल्या या संस्थेत प्रवेश परीक्षेच्या गुणवत्तेवर मिळतो आणि शिक्षणाचा खर्च सरकार करते, त्यामुळे शेतकऱ्याच्या वा शिक्षकाच्या मुलाला लढाऊ विमानापर्यंत नेणारी ही वाट खऱ्या अर्थाने मोठी होती. ग्रामीण महाराष्ट्रातील मुले तिच्यावर मागे पडतात हे ओळखून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. तरीही दृष्टी, उंची, वय आणि शरीरमापे यांच्या चाळणीत बहुतेक इच्छुक गळत, आणि अर्ध्या लोकसंख्येला तर प्रबोधिनीची वाट बंदच होती: तेथे मुलींना प्रवेश मिळाला तो २०२२ मध्ये. नागरी क्षेत्रात बदल लवकर झाला. इंडियन एअरलाइन्समधील कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे नेतृत्व केले, आणि मराठी घरांतील मुलींना वैमानिक ही कल्पना आपल्या आडनावाच्या व्यक्तीत दिसू लागली. याचा परिणाम मोजता येत नाही, पण तो मोठा होता यात शंका नाही.

या दोन वाटांच्या मधे पुण्यात एक लहानशी पायवाटही होती. हडपसर येथे नागरी विमानवाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र चालत असे. ग्लायडर म्हणजे लांब, ताठ पंखांचे बिनइंजिनाचे विमान. जमिनीवरील यंत्राच्या पिंपावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने ते ओढले जाते, धाग्याने खेचलेल्या पतंगासारखे वर चढते आणि पुरेशी उंची आल्यावर दोर सोडून मोकळे होते. याच खात्याच्या दिल्लीतील तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी अश्विनी, रोहिणी यांसारखी नक्षत्रांच्या नावांची ग्लायडर रेखली. १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. इंजिन नसल्यामुळे हे शिक्षण स्वस्त होते, आणि हवेचे चढउतार ओळखण्याची विद्या त्यात विमानापेक्षा अधिक लागत असे. परंतु ग्लायडरला मैदान, यंत्र आणि माणसांचा ताफा लागतोच, त्यामुळे ही विद्या हडपसरच्या कुंपणाबाहेर फारशी गेली नाही, आणि डोंगराळ मावळात तर ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

इंजिनाच्या विमानाच्या दृष्टीने सह्याद्री हा टाळण्याचा प्रदेश होता. ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान मावळच्या उत्तरेला, जुन्नरच्या डोंगरांत कोसळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण विमानतळाच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आहोत असा समज होऊन वैमानिकाने अंधारात उंची लवकर सोडली, असे चौकशीत दिसून आले. ज्या डोंगराजवळ जाणे विमानाला घातक ठरते, त्याच डोंगराला चिकटून उडणे हेच ज्याचे तंत्र आहे असे साधन पुढच्या दोन दशकांत युरोपात तयार झाले.

त्या साधनाचा जन्म दोन टप्प्यांत झाला. अमेरिकेतील डोमिना जाल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात कापडी कप्प्यांचा पंख शोधून काढला. त्याच्या पुढच्या कडेला उघडी तोंडे असतात, त्यांतून समोरचा वारा आत शिरतो आणि त्या दाबाने कापड फुगून त्याला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. विमानातून उडी मारणारे छत्रीधारी तो वापरू लागले. मग २५ जून १९७८ रोजी फ्रान्सच्या आल्प्समधील म्यूसी या गावी जाँ-क्लोद बेतां, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या छत्रीधाऱ्यांनी उतारावरून धावत जाऊन असा पंख फुगवला आणि थेट डोंगरावरून उड्डाण केले. अचूक उतरण्याचा सराव त्यांना करायचा होता आणि प्रत्येक सरावासाठी विमानाचे भाडे देणे परवडत नव्हते, हे त्यामागचे साधे कारण होते. खर्चाच्या अडचणीतून पॅराग्लायडिंग जन्माला आले. लिलिएंथाल यांची टेकडीवरची धाव ऐंशी वर्षांनी परत आली, आणि या वेळी काठ्यांचा सांगाडा लागत नव्हता, पंख घडी करून पिशवीत मावत होता. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातील कोसेन येथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली.

कामशेतला ही विद्या १९९० च्या दशकात आली. मुंबई आणि पुण्यातील उड्डाणवेड्यांनी टेकड्या पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांपैकी शिंदेवाडी, शेलार, टॉवर हिल, पवना धरणालगतचे उतार ही नावे उडणाऱ्यांच्या बोलण्यात रुळली. एखादी टेकडी उड्डाणाला योग्य ठरण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात: माथ्यावर पंख पसरण्याइतके झाडझुडूप नसलेले गवताळ पठार, वाऱ्याकडे तोंड केलेला सलग उतार, आणि पायथ्याशी विजेच्या तारांपासून मुक्त अशी पीक निघालेली शेते. मावळच्या भातशेतीचे वेळापत्रक येथे विलक्षण उपयोगी पडले, कारण पावसाळ्यात उड्डाण बंद असते तेव्हा खाचरांत भात असतो, आणि उड्डाणाचा हंगाम भरात येतो तोवर भात कापला जाऊन उतरायला शेते मोकळी झालेली असतात. खोऱ्यांच्या रांगा वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या असल्याने एका टेकडीवर वारा बसत नसेल तर थोड्या अंतरावर दुसरी मिळते. पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे सुरू झाला आणि दोन्ही शहरांतून पहाटे निघून सकाळी टेकडीवर पोहोचणे शक्य झाले. निर्वाणा ॲडव्हेंचर्स, टेंपल पायलट्स, इंडस पॅराग्लायडिंग यांसारख्या शाळा येथे वाढल्या त्या या सर्व कारणांच्या संयोगाने.

येथे शिकवले जाणारे उड्डाण दोन आधारांवर चालते. पहिला आधार उताराचा: टेकडीवर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात कड्याला समांतर येरझाऱ्या घालत उंची टिकवायची, याला रिज सोअरिंग म्हणतात. दुसरा आधार थर्मलचा. थर्मल म्हणजे तापलेले खडक, नांगरलेली शेते किंवा गावाची छपरे यांवरून सुटून वर जाणारा उबदार हवेचा स्तंभ, ज्यात गोल गोल फिरत वैमानिक टेकडीच्या कितीतरी वर जातो. पॅराग्लायडर शांत हवेत तासाला साधारण छत्तीस-सदतीस किलोमीटर वेगाने पुढे सरकतो आणि एक मीटर खाली येताना आठ-दहा मीटर अंतर तोडतो. म्हणजे हवा ज्या वेगाने वर चढते तो वेग पंखाच्या खाली येण्याच्या वेगाहून अधिक असेल तोवर उड्डाण चालू राहते. वारा फार असेल तर पंख मागे ओढला जातो, फार कमी असेल तर आधार मिळत नाही. त्यामुळे शिकाऊ माणसाचा बराच वेळ टेकडीवर बसून गवताची पाती, धुराचा कल आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, यांकडे पाहण्यात जातो. हे पाहणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

थर्मल शोधण्याचा सर्वांत जुना जाणकार पक्षी आहे, आणि मावळचे वैमानिक आजही घारींच्या घिरट्या पाहून आपली दिशा ठरवतात. एके काळी हे काम गिधाडांनी अधिक चांगले केले असते. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी गिधाडे पंख न हलवता तासन्‌तास चढत्या हवेवर तरंगत. परंतु गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेला आणि १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या प्रमुख जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर बहुतेक कडे ओस पडले होते. माणूस मावळच्या हवेत तरंगायला शिकला ती दशके आणि गिधाडे त्या हवेतून नाहीशी झाली ती दशके एकच आहेत, आणि या प्रदेशाच्या उड्डाणाचा इतिहास लिहिताना ही हानी वगळता येत नाही.

शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सपाट जागेवर पंख डोक्यावर उभा करून तो वाऱ्यात स्थिर धरण्याचा सराव, म्हणजे ग्राउंड हँडलिंग. मग लहान उतारावरून पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील अशा उड्या. आणि त्यानंतर, शिक्षकाचा आवाज रेडिओवर कानात असताना, एकट्याने केलेले पहिले उड्डाण. इंजिन नसल्यामुळे यासाठी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागत नाही. कौशल्याच्या पायऱ्यांनुसार प्रमाणपत्रे मिळतात आणि ती आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळवलेली असतात. वयाच्या चाळिशीत वा पन्नाशीत पोहोचलेली, चष्म्यामुळे हवाई दलाने नाकारलेली, घरच्या परिस्थितीमुळे दुसऱ्याच व्यवसायात गेलेली माणसे येथे वैमानिक होऊ शकतात, कारण येथे मुख्य चाळणी परीक्षेची किंवा संपत्तीची नाही, हवा समजण्याची आणि थांबण्याची आहे. म्हणूनच या टेकड्यांना वैमानिक होण्याची तिसरी वाट म्हणणे योग्य ठरते. ती पहिल्या दोन वाटांची जागा घेत नाही. हवेत स्वतः निर्णय घेण्याचा हक्क मात्र ती तितकाच पुरा देते.

या वाटेच्या कडेने एक वेगळा व्यवसायही वाढला आहे आणि त्याची गल्लत शिक्षणाशी करू नये. टँडेम म्हणजे प्रशिक्षित वैमानिकाच्या पुढे बसून केलेले काही मिनिटांचे जोडउड्डाण. ते आनंददायक असते आणि अनेक विद्यार्थ्यांना शिकण्याची ओढ त्यातूनच लागते, पण त्यात बसणारा प्रवासी असतो. सुट्टीच्या दिवसांत गर्दी वाढते तेव्हा वारा योग्य होण्याची वाट पाहण्याचा संयम आणि गिऱ्हाईक परत पाठवण्याची तयारी यांवरच सुरक्षितता अवलंबून असते. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून अशा उपक्रमांची नोंदणी, शिक्षकांची पात्रता आणि बचावाची व्यवस्था यांना चौकट दिली. तिची गरज फार आधीपासून होती.

तालुक्यातील मुलांसाठी या वाटेची स्थिती अजून अर्धीच मोकळी आहे. टेकड्या त्यांच्या गावांच्या, उतरण्याची शेते त्यांच्या घरांची, आणि उतरलेला पंख घडी करायला धावत येणारी मुलेही तेथलीच. शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला जी हवा महिनोन्‌महिने शिकावी लागते तिच्यात ती वाढलेली असतात. कोणत्या खिंडीतून दुपारी वारा घुसतो हे गुराख्याला कोणी सांगावे लागत नाही. परंतु नवा पंख, हार्नेस म्हणजे बसण्याचा पट्टेदार सांगाडा, आणि संकटकाळी उघडायची राखीव छत्री यांची एकत्रित किंमत लाखांच्या घरात जाते, त्यामुळे जुना पंख आणि शाळेतील कामाच्या बदल्यात मिळणारे शिक्षण हाच येथील तरुणाचा व्यवहार्य मार्ग राहतो. दरम्यान पवना धरणाभोवती आणि कामशेतच्या खोऱ्यांत बंगल्यांचे भूखंड पडत आहेत, कुंपणे आणि विजेच्या तारा वाढत आहेत, आणि उतरण्यायोग्य मोकळ्या शेतांचा पट्टा आक्रसत आहे. माथ्यावरचा वारा कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. पायथ्याची जमीन मात्र चढते, आणि उड्डाणाच्या शाळा टिकतील की नाही हे आता त्या जमिनीच्या व्यवहारांवर ठरणार आहे.